रोज पाच शब्द

आज मयूर विहारच्या घरी कामांची यादी पुसताना खोडरबराचा वास आला आणि मी थेट नववीच्या वर्गात पोचले. बाबांच्या बदलीमुळे नुकतीच साताऱ्याहून दिल्लीला आले होते. इंग्रजीचा धडा मोठ्याने वाचावा लागे, म्हणून प्रत्येक शब्दावर पेन्सिलीने मराठीत उच्चार लिहिलेला. मी ‘आयलँड’चं ‘इसलँड’ वाचलं. वर्ग हसला.

"किताब इधर लाओ," मॅडम म्हणाल्या. मी पुस्तक नेऊन दिलं. आता मला परत आठवीत बसवणार!

त्यांनी पान पाहिलं. "रोज़ पाँच शब्द मिटाओ, फिर पढ़ो."

घरी आधी ‘इसलँड’ पुसलं. शिक्षाच वाटली ती. आज कळतं, त्यांनी पाचच सांगितले होते. अख्खं पान नव्हे.

यादीतलं झालेलं काम मी अजूनही खोडत नाही, पुसते.