आईचं बायपास

राउटरच्या दुकानातला तो माणूस उत्तर देण्याआधी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसतो. समोरच्याची घाई त्याला दिसतच नाही.

माझ्या ऑफिसच्या कामाला व्हीपीएन लागतं. ते राउटरवर घातलं आणि इंटरनेटच्या लेखी सगळं घरच परदेशात गेलं. आईच्या टॅबवर तिच्या मैंदर्गीच्या देवळाची, फक्त भारतातच दिसणारी आरती दिसेना. दुकानात तीन चकरा मारूनही कुठला राउटर घ्यावा ते मला कळेना. शेवटी वैतागून सगळ्यात महागडा उचलला. दुकानातल्या त्या माणसानं तो माझ्या हातातून काढून परत फळीवर ठेवला.

“ह्याच्यात सगळं घर एकदमच व्हीपीएनवर जातंय. तुमाला एकेकाला त्यातनं बायपास देणारा पायजे की. घरात कोण कोण हाय?”

“मी, बायको, आई.”

“माणसं न्हाय हो. नेटवर काय काय चालतंय ते सांगा.”

तो स्वतः घरी येऊन दुसरा, स्वस्तातला राउटर जोडून गेला. टॅब सुरू झाला. मी लगेच पुण्याच्या भावाला मेसेज केला, ‘आईचं बायपास झालं. आता काळजी नाही.’

संध्याकाळी भाऊ दारात उभा. हातात शहाळी, चेहरा पांढराफटक. आत आई टॅबसमोर आरतीच्या टाळ्या वाजवत होती.

दुसऱ्या दिवशी हे मी दुकानात सांगितलं. तो हसला नाही. चष्मा पुसत राहिला.

“किती दिवसांनी आला भाऊ?”

“दोन वर्षांनी.”

त्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला.

“मग लागू पडलं की बायपास.”