पिठावरची पावलं

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर एक चादर घडी केली. लंडनमधल्या इल्फर्डच्या घरामागं, रविवारी दुपारी, दोरीवरनं काढून. दोन टोकं तिच्याकडं, दोन माझ्याकडं. डाव्या हातातलं टोक तिच्याकडनं दोनदा सुटलं. मी म्हणालो, लक्ष कुठं आहे तुझं. ती हसली आणि टोक दातात धरलं. मंगळवारी सकाळी ती स्वयंपाकघरात पडली. डोक्यात गाठ होती, तिच्यातनं रक्तस्राव झाला. शुक्रवारी सुलोचना, माझी बायको, गेली. आता सात आठवडे झाले.

मी सातवी नापास. मोटारींच्या कारखान्यात तीस वर्षं बोल्ट आवळले, लेख कधी लिहिला नाही. सून म्हणाली, बाबा, पेपरच्या पुरवणीवाले आईंवर लिहा म्हणतायत, तुम्ही सांगा, मी टाईप करते. देवमाणूस होती वगैरे मी सांगणार नाही. फटकळ होती, माझ्याहून एक काकणभर जास्तच. शाळेच्या किचनमध्ये मुलांना वाढायचं काम करायची, आणि मटार टाकून उठणाऱ्या पोराला, उद्या दुप्पट वाढीन, असा तिच्या इंग्लिशमध्ये दम द्यायची. पोरं तरी तिच्याच रांगेत उभी राहायची. पण मला एकच गोष्ट सांगायची आहे. ती सांगितल्याशिवाय बाकीचं सगळं खोटं वाटेल.

आमची नात ईशा त्याच शाळेत, बारा वर्षांची. या वसंतात तिच्या सायन्सच्या बाईंनी वर्गाला एक गुन्हा सोडवायला दिला. लॅबमधला चषक चोरीला गेलाय, ठसे, खुणा बघून चोर शोधा. पोलीस तपासामागचं शास्त्र असं खेळातनं शिकवायचं. संशयित चार, सगळी शाळेतली माणसं, त्यात सुलोचना. खरी चोर तीच, पण ते फक्त बाईंना माहीत. शाळा भरायच्या आधी बाईंनी लॅबच्या फरशीवर पीठ पसरलं आणि हिला सांगितलं, बूट काढून यावरनं कपाटापर्यंत चालत जा, चषक घे, झालं. बाई निघून गेल्या. आणि हिचा पाय काही उचलेना. अन्नावर पाय कसा देऊ? मग ही गुडघ्यावर बसली आणि गौरी आणताना उंबऱ्यापासून काढतात तशी पावलं मुठींनी उठवली. मुठीची कड दाबायची, वर बोटांनी पाच ठिपके. एक उजव्या हाताचं, एक डाव्याचं, अशी थेट कपाटापर्यंत.

वर्गानं पट्टी लावली. पावलाच्या लांबीवरनं उंची कशी काढायची ते बाईंनी शिकवलं होतं. चोराची उंची निघाली सव्वादोन फूट. एका मुलानं म्हणे तान्ह्या बाळावर संशय घेतला. ईशा तेवढी वाकून बघत राहिली आणि म्हणाली, हे पाय नाहीत, हात आहेत, माझी आजी असं करते. संध्याकाळी सुलोचना मला म्हणाली, "अहो, घरचीच फितूर निघाली." पण खूश होती.

त्याच आठवड्यात ईशा वही घेऊन आली. इंग्लिशमधलं मला मराठी करून वाचून दाखवत होती. उजवे ठसे खोल आहेत, डावे सगळे फिकट आहेत, म्हणजे चोराचा डावा हात वीक आहे. बाईंनी बाजूला शाबासकी लिहिली होती. मी मोठ्यानं हसलो. म्हणालो, साठी उलटली, आता काय कुस्ती खेळायचीय तिला? सुलोचना हसली नाही. हात टेबलाखाली घेतला. ईशा गेल्यावर कप विसळताना तिनं विचारलं, "अहो, जीपी डॉक्टरला एकदा दाखवून येऊ का? बरेच दिवस मूठ नीट वळत नाही."

"पोरांच्या खेळावरनं डॉक्टरकडं जातं का कोणी?" मी म्हणालो.

तिनं परत विचारलं नाही. अडीच महिन्यांनी हॉस्पिटलमध्ये मीच डॉक्टरला विचारलं, तेव्हा आणलं असतं तर? तो म्हणाला, सांगता येत नाही. हो म्हणाला असता तर एक, नाही म्हणाला असता तर एक... हे घेऊन माणसानं कुठं जायचं?

मागच्या आठवड्यात सुनेला शाळेतनं फोन आला, सायन्सच्या तासाला ईशा लायब्ररीत जाऊन बसते. कारण कोणाला सांगेना. रविवारी ती माझ्याकडं आली होती. आम्ही दोघंच. खाली बघून तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आजोबा, मला माहीत होता. मी वहीत लिहिला पण होता. मी कोणाला सांगितला नाही, म्हणून आजी गेली."

तेव्हाच सांगायला हवं होतं. ही एकच नात, आणि तीही माझं तोंड बघेनाशी झाली तर... असं आलं मनात. म्हणालो, चल, वरण गरम करू. बारा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर माझं ओझं ठेवून मी वरण गरम केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली बस पकडून मुलाच्या घरी गेलो. ईशा जिन्यात बसून बूट घालत होती. मी खालच्या पायरीवर बसलो.

"तू सांगितलं होतंस," मी म्हणालो. "मला वाचून दाखवलंस. आजीनं विचारलं, डॉक्टरकडं जाऊ का. मी नको म्हणालो."

बराच वेळ ती नाडीच बांधत होती. मग म्हणाली, "का?"

"मला वाटलं, मला जास्त कळतं."

ती रडली नाही. बॅग उचलली आणि माझ्यासाठी न थांबता निघाली. मी मागनं शाळेपर्यंत गेलो. तिनं वळून बघितलं नाही. ऑफिसातल्या बाई सुलोचनामुळं मला ओळखायच्या. त्यांना विचारलं, ईशाचा पहिला तास कसला? सायन्स, म्हणाल्या. मी बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. घंटा झाली, तास सुटला, तेव्हा परत आत गेलो. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं.

हजर होती, म्हणाल्या.