गोलपोस्टची मिरवणूक

बाबा अमेरिकेत आले ते शर्टाच्या खिशात शिट्टी घालूनच. विमानतळावरच्या तपासणीवाल्याने ती काढायला लावली, उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली. "पी.टी. टीचर," बाबांनी त्याला ऐटीत सांगितलं. रिटायर होऊन चार वर्षं झाली होती. ते त्यांनी त्याला सांगितलं नाही, आणि माझा अंदाज असा की स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं.

नागपूरच्या एका शाळेत त्यांनी तीस वर्षं पोरांकडून कवायत करून घेतली, कबड्डीचे सामने पंच म्हणून चालवले. पण त्या शिट्टीचा खरा मान वेगळा होता. दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर लोटते त्या गर्दीत, एका रस्त्याच्या वळणावर बाबा स्वयंसेवक म्हणून उभे राहत. त्या जागेला ते 'माझा पॉइंट' म्हणत. जयंतीच्या मिरवणुकीतला रथसुद्धा आमच्या मोहल्ल्याच्या चिंचोळ्या गल्लीतून तेच वळवून काढत. आई म्हणायची, "हा माणूस झोपेतही कोणाला तरी डावीकडून जा म्हणतो." आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात एकटे राहतात म्हणून मी त्यांना हट्टाने बोलावून घेतलं. डिसेंबरात मला पीएच.डी.ची पदवी मिळणार होती, ती पाहूनच परत जायचं असं ठरलं होतं.

माझं अपार्टमेंट युनिव्हर्सिटीच्या स्टेडियमपासून चार पावलांवर, दुसऱ्या मजल्यावर, अगदी कोपऱ्याला. मी लॅबमध्ये गेले की बाबा खिडकीत बसून खालचा रस्ता बघत. तिथे बघण्यासारखं काहीही नव्हतं. समोरून कोणी येत नसलं तरी गाड्या लाल दिव्याला निमूट थांबत. "सगळेच शिस्तीत," बाबा सुस्कारा टाकून म्हणत. "इथं माणसाचं कामच नाही."

अपवाद शनिवारचा. शनिवारी अख्खं गाव तोंडाला रंग फासून, गाणी म्हणत आमच्या खिडकीखालून अमेरिकन फुटबॉलच्या मॅचला जायचं. आमच्या टीमचं दर वेळी पानिपत व्हायचं आणि तीच माणसं तीन-चार तासांनी माना खाली घालून परत यायची. बाबांनी दुसऱ्याच शनिवारी निकाल दिला, "जाताना वरात, येताना मयत." खेळाबद्दलही त्यांचं मत फारसं बरं नव्हतं. मी त्यांना टीव्हीवर एक मॅच दाखवली होती. "चार सेकंद खेळतात आणि मग रिंगण करून मीटिंग घेतात," ते म्हणाले. "कबड्डीत असं केलं असतं तर मी दोन्ही टीमला घरी पाठवलं असतं."

आमच्या खालच्या मजल्यावर पोस्टात काम करणारा एक धिप्पाड गृहस्थ राहायचा. लहानपणापासून या टीमचा भक्त. दर पराभवानंतर जिन्यात भेटला की "नेक्स्ट इयर" म्हणायचा. ज्या शनिवारची ही गोष्ट आहे, त्या दिवशी समोर देशातली एक नामांकित टीम होती. जाताना तो बाबांना म्हणाला, "वीस गुणांच्या आत हरलो तरी जिंकल्यासारखंच." मी ते मराठीत सांगितलं. बाबांच्यातला मास्तर दुखावला. "हरण्यातही पासिंग मार्क?" ते म्हणाले.

त्याच दिवशी सकाळी आमचं भांडण झालं होतं. चहा पिता पिता बाबा सहज म्हणाले, "सोमवारी विमान कंपनीला फोन लावून माझं तिकीट आधीचं करून घे बेटा. दसऱ्याच्या आत पोचलो पाहिजे. माझा पॉइंट आहे."

मला एकदम राग आला. "दसरा दरवर्षी येतो, बाबा. माझी पीएच.डी. दरवर्षी होणार आहे का?"

"तुझ्या डिग्रीला मी काय करीन? हॉलमधे खुर्चीवर बसून टाळ्या वाजवीन. खुर्चीवर तर कोणीही बसते."

मी विद्यार्थ्यांचे पेपर घेऊन टेबलाशी बसले आणि निरपराध पोरांचे मार्क कापत राहिले. बाबा खिडकीत. आईशी भांडण झाल्यावरही ते असेच पाठ करून बसत. ते गेले तर हे घर मला किती मोठं वाटेल, ते मला बरोबर माहीत होतं आणि तेच सांगता येत नव्हतं.

दुपारी स्टेडियमकडून असा काही आवाज आला की खिडकीच्या काचा थरथरल्या. "सिलेंडर फुटला काय?" बाबा उठून उभे राहिले. मी रेडिओ लावला. समालोचक ओरडत होता की हुंदके देत होता, कळायला मार्ग नव्हता. एवढंच समजलं की अगदी शेवटच्या क्षणी, एका गुणाने, आम्ही त्या नामांकित टीमला हरवलं होतं.

मग लोंढा आला. जिंकायची सवय नसलेल्या माणसांना जिंकल्यावर काय करायचं ते माहीत नसतं. कोणी झाडाला मिठी मारत होतं, कोणी बूट हातात घेऊन अनवाणी धावत होतं. आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावरून एक पिवळाधमक गोलपोस्ट येत होता. मैदानातून अख्खा उपटून शे-दोनशे माणसांनी तो खांद्यावर घेतला होता. मोठी मॅच जिंकली की तो नदीत नेऊन बुडवायची इथे रीत होती म्हणे. आणि सर्वांत पुढे, पहिल्या खांद्याला, आमचा खालच्या मजल्यावरचा पोस्टवाला. गालावरचा रंग डोळ्यांतल्या पाण्याने हनुवटीपर्यंत ओघळला होता.

आमच्या कोपऱ्यावर गोलपोस्ट अडकला. नदीकडचा रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या, त्यात नेमका वळणावर विजेचा खांब. पुढचे म्हणत डावीकडे, मागचे म्हणत पुढे चला. जो तो पुढारी, कार्यकर्ता एकही नाही. एक टोक फिरलं ते समोरच्या घराच्या काचेपासून हातभर अंतरावर आलं.

"रथ असाच अडकते," बाबा खिडकीतून म्हणाले. "मागच्या चाकापाशी चालणारा माणूस कच्चा असला की." आणि बूट घालायला लागले.

"बाबा, नको! इथे पोलीस वगैरे असतात. कशाला हात दाखवून अवलक्षण?"

पण ते जिना उतरले होते. मी मागे धावले. माझे बासष्ट वर्षांचे, सव्वापाच फुटी बाबा, स्वेटरवर शर्ट घातलेले, कारण खिसा शर्टाला होता. ते विजेच्या खांबापाशी उभे राहिले आणि त्यांनी शिट्टी फुंकली.

सगळा रस्ता गप्प झाला. मला वाटलं, संपलं आता. मग लक्षात आलं. ही माणसं जन्मभर फुटबॉल बघत आली होती. शिट्टी वाजली की थांबायचं, एवढी एक गोष्ट त्यांच्या हाडात मुरली होती. कोणाची शिट्टी, हे विचारायचंही त्यांना सुचलं नाही.

"फ्रंट साइड, स्टॉप!" बाबा गरजले. "बॅक साइड, लिफ्ट! अप, अप! नाउ कम लेफ्ट. स्लोली. यू, रेड कॅप, व्हाय आर यू लाफिंग? होल्ड प्रॉपरली!"

लाल टोपीवाल्याने हसू गिळून नीट धरलं. मागचं टोक उचललं गेलं, पुढचं खांबाला घसटत नाही तोच बाबांनी पुन्हा शिट्टी दिली, तिरकं केलं, इंच-इंच फिरवलं, आणि गोलपोस्ट कोणाच्याही काचेला न लागता नदीकडे वळला. एवढा जल्लोष टीम जिंकली तेव्हाही झाला नसेल. "कोच! कोच!" माणसं ओरडायला लागली. पोस्टवाला त्यांना ओढत होता, नदीपर्यंत चला म्हणून.

बाबा हलले नाहीत. "नो, नो. यू गो," ते म्हणाले. "माय पॉइंट इज हिअर."

शेवटचा माणूस वळून दिसेनासा होईपर्यंत ते तिथेच उभे होते. मग वर आले आणि चहा मागितला. सकाळपासून पहिल्यांदाच माझ्याकडे बघून.

सोमवारी मी मुकाट्याने विमान कंपनीचा नंबर काढला. बाबा म्हणाले, "थांब. आधी नागपूरला लाव." पलीकडे त्यांचे जुने सहकारी होते. बाबा फोनवर नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "या वर्षी माझ्या जागी दुसरा माणूस उभा कर. नाही बा, तब्येत ठणठणीत आहे. इथं पॉइंट लागला." मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं.

त्या वर्षी आमची टीम त्यानंतर एकही मॅच जिंकली नाही. तरी गावात मॅच असली की बाबा वेळेवर खाली जाऊन उभे राहत. गोलपोस्ट येणार नाही हे माहीत असलं तरी पॉइंट रिकामा ठेवायचा नाही. माना खाली घालून परतणारी माणसं त्यांच्यापाशी आली की ओशाळायची. शेवटच्या मॅचनंतर पोस्टवाला समोर येऊन थांबला. "सॉरी, कोच," म्हणाला. बाबांनी त्याची पाठ थोपटली. "नेक्स्ट इयर," ते म्हणाले.

पदवीदानाच्या दिवशी आम्ही काळे गाऊन घालून रांगेने हॉलमध्ये शिरलो. मी बाबांना सातव्या रांगेतली खुर्ची दाखवून ठेवली होती. चालता चालता तिकडे पाहिलं, तर खुर्चीवर नुसता कोट. रांग स्टेजकडे सरकत होती, पुढच्या कोणाचा तरी गाऊन पायात येत होता, आणि जिथे स्टेजच्या पायऱ्यांकडे वळायचं, त्या कोपऱ्यावर कोणीतरी हाताने प्रत्येकाला वाट दाखवत होतं. ड्यूटीवरच्या बाईंनी त्यांना बसायला सांगायचा नाद बहुतेक सोडून दिला होता.

शिट्टी खिशातच होती. मी समोर आले तेव्हा बाबांनी इतरांना केला तसाच हात केला.

"डावीकडे, बेटा," ते हळूच म्हणाले. "सावकाश. घाई नाही."

मी डावीकडे वळले.