मोगऱ्याची एक उदबत्ती

"अहो स्टोअर, हात."

सकाळी बाई माझ्याशी बोलत ते पहिलं वाक्य हे. नमस्कार नाही, चहा झाला का नाही. शाळेत नखं तपासायला करायचो तसे मी दोन्ही पंजे पुढे करायचो. बाई चष्मा कपाळावर चढवून ते उलटेपालटे बघायच्या आणि मग, तुम्हाला खोटं वाटेल, हुंगायच्या.

"खोबरेल."

"बाई, डोक्याला लावलंय. हाताला नाही."

"डोक्याला काय चमच्यानं लावलंत?"

माझ्या डोक्यावर जे काही शिल्लक होतं, त्याला तेल लावायचाही मला हक्क नव्हता. घरी बायको विचारायची, "ऑफिसात रोज तुमचा वास घेणारी ही बाई कोण?" या प्रश्नाला कसंही उत्तर दिलं तरी ते वाईटच ऐकू येतं. तुम्ही देऊन बघा.

पुण्यातल्या एका खगोलशास्त्राच्या संस्थेत मी स्टोअर सांभाळायचो आणि बाई तिथल्या स्वच्छ खोलीच्या, म्हणजे धुळीचा कणही न चालणाऱ्या क्लीन रूमच्या, प्रमुख होत्या. त्या खोलीत अवकाशात जाणाऱ्या दुर्बिणीचा डोळा तयार होत होता. ताऱ्यांकडून येणारा अतिनील प्रकाश बहुतेक सगळा वरच्या हवेतच अडतो, म्हणून तो बघायला दुर्बीणच वर पाठवायची. पूर्वी या कामाला काचेच्या नळ्या असत आणि त्यांना हजारो व्होल्ट लागत. बाईंची अर्धी नोकरी त्या नळ्यांत गेली. मग आली बोटाच्या पेराएवढी चिप. पाठीकडून तासून तासून पातळ केलेली, वर काही अणूंच्या जाडीचा थर. नळीपेक्षा तिला खूपच जास्त दिसायचं, पण नाजूक इतकी, की तेलाचा, अत्तराचा नुसता वास जरी तिच्यावर जाऊन बसला तरी तिची नजर अधू. आपल्या डोळ्यांना तो थर दिसतही नाही. अतिनील प्रकाश मात्र नेमका तिथेच अडतो.

"आणि मग वर फडकं घेऊन कोण जाणार? तुम्ही?" बाई विचारायच्या.

गजरा घालून आलेल्या हिशेबनीस बाईंना त्यांनी जिन्यावरूनच परत पाठवलं. खुद्द संचालक एकदा दाढीनंतरचं सुगंधी पाणी लावून आले, तर त्यांना म्हणाल्या, "उद्या या. दाढी न करता." अशा माणसाबरोबर बारा वर्षं काढली मी. मला कुणी सन्मानपत्र दिलं नाही.

चिपच्या शेजारी नाण्याएवढी एक काच ठेवलेली असे. तिला त्या साक्षीदार म्हणत. हवेतून जे चिपवर बसेल ते काचेवरही बसणार, म्हणून दर सोमवारी त्या काचेची तपासणी.

आता माझा पराक्रम सांगतो.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या यंत्रांची पूजा होते. वर्कशॉपातल्या लेथला झेंडू, झेरॉक्सला कुंकू, संचालकांच्या गाडीपुढे नारळ. बाईंच्या खोलीला मात्र काही नाही. त्या वर्षी चिप वर जायच्या तयारीत होती. जोडीची दुसरी चाचणीत निकामी झाली होती, ही एकच उरली होती आणि बाई दिवाळीनंतर निवृत्त होणार होत्या. मला राहवलं नाही. एवढ्या लांब निघालेली पोर, तिला साधी उदबत्तीही ओवाळायची नाही? बाई जेवायला गेल्या तेव्हा मी बंद दाराबाहेर एक लावली. मोगऱ्याची.

खोलीत हवा खेचणारी जाळी त्याच दाराच्या डोक्यावर आहे, हे मला सुचलं नाही. त्या जाळीचे फिल्टर बारा वर्षं मीच पुरवत होतो. आणि ते धूळ अडवतात, वास नाही, हेही मला बाईंनी किमान पन्नास वेळा सांगितलं होतं.

सोमवारी काच खराब निघाली. बाई एकेकाचे हात हुंगत माझ्यापर्यंत आल्या. मी हात पुढे करण्याआधीच बोलून टाकलं.

"उदबत्ती लावली होती, बाई."

"कोणती?"

"मोगरा."

"किती?"

"एकच."

"वा. म्हणजे संयमही बाळगलात."

त्यानंतर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खोलीत गेल्या आणि दोन आठवडे एकेका अतिनील दिव्याखाली चिपची नजर तपासत राहिल्या. दिवाळीला लेक माहेरी आली होती, तिलाही भेटायला दुपारी तासभर जाऊन परत यायच्या. रोज पाचला मी दाराबाहेर उभा.

"बाई?"

"अजून नाही."

शेवटी म्हणाल्या, "झाकण होतं तिच्यावर, म्हणून वाचली असं दिसतंय. आकडे ठीक आहेत. मला पटेल ते वर गेल्यावर."

अहवालात त्यांनी लिहिलं, 'दाराबाहेर सुगंधी धूर.' कोणी केला ते नाही. मी आभार मानायला गेलो तर म्हणाल्या, "तुमचं नाव लिहून चिप साफ होणार होती का?"

पुढच्या वर्षी दुर्बीण वर गेली. पहिलं चित्र आलं त्याची प्रत घेऊन मी कर्वेनगरला बाईंच्या घरी गेलो. आजारानं त्या निम्म्या झाल्या होत्या. मी पाकीट पुढे केलं.

"आधी हात."

हुंगून झाल्यावर चित्र घेतलं. ताऱ्यांकडे बघितलंच नाही. भिंग घेऊन चारही कोपरे, कडा, मग मधला भाग.

"डाग नाही," बाई म्हणाल्या. भिंग खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "आता लावा तेल."

त्यांच्या तेराव्याला बायको आणि मी गेलो. हार घातलेला फोटो, समोर उदबत्त्यांचा अख्खा पुडा पेटवलेला. खोलीभर मोगरा. मी पाच मिनिटं कसाबसा बसलो. मग उठलो, सगळ्या उदबत्त्या उपसल्या आणि गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीत नेऊन विझवल्या. बायकोनं कपाळाला हात लावला. पाहुणे बघतच राहिले. बाईंच्या लेकीनं खिडक्या उघडल्या.

माझी बोटं राखेनं माखली होती आणि घमघमत होती. खिशात रुमाल होता. पण मी तसाच फोटोसमोर जाऊन उभा राहिलो आणि दोन्ही पंजे पुढे केले.