चिंचेवरची तार, कोठीतले तांदूळ

मी लाखनीच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. पाणी उताराकडे वाहतं हे सांगायला मला पुस्तक उघडावं लागत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून कोणाला वाटेल की माणूस अडाणी होता. अडाणी असतो तर इतकी घाण झाली नसती.

गाव आमचं सानगडीच्या अंगाला, तळ्याच्या काठी. चाळिशी उलटल्यावर लोकांना गुडघेदुखी लागते, मला हौशी रेडिओ लागला. म्हणजे सरकारी परीक्षा देऊन परवाना घ्यायचा, घरी यंत्र मांडायचं, बाहेर उंच तार बांधायची आणि हवेतून कुठल्या तरी अनोळखी माणसाशी बोलायचं. बोलायचं काय, तर तुमचा आवाज मला कसा येतो आणि माझा तुम्हाला कसा येतो. बायकोला हे समजावून सांगितलं तेव्हा ती वांगी चिरत होती.

"मोबाईल हाये ना जी तुमच्यापाशी," ती म्हणाली.

"मोबाईलमध्ये मधे कंपनी असते. यात मधे कोणीच नसतो."

"तुमच्यासंग बोलाले मधात कोनी नसला, तर समोरचा पळून जाईन."

पण तिने नाही म्हटलं नाही. प्रश्न जागेचा होता. घरात रिकामी अशी एकच भिंत होती, तांदळाच्या खोलीतली. त्या खोलीत पत्र्याची मोठी कोठी आहे. दिवाळीनंतर धान भरडून आणलं की वर्षाचे तांदूळ तिच्यात पडतात. वरून झाकण घालायचं आणि खाली बुडाशी एक छोटं दार असतं, त्यातून रोजचे काढायचे. वरचं झाकण मग वर्षभर कोणी उघडत नाही. कोठीच्या बरोबर वर खिडकी आणि बाजूला माझं टेबल मावेल एवढी जागा.

बायकोने परवानगी दिली, पण बोट दाखवून दिली. "हे वर्षाचे तांदूर हायेत. त्याईले काही झाला ना, तर तुमचा डब्बा गोठ्यात जाईन. मंग म्हशीसंग बोला."

मी हसून हो म्हटलं. तांदळाला रेडिओ काय करणार?

आता तार. वीस मीटर लांब तार, मधोमध उंच टांगायची, दोन्ही टोकं तिरपी खाली आणून बांधायची आणि मधल्या जोडापासून जाड काळी केबल घरात आणायची. मनोरा उभारण्याची ऐपत नव्हती, पण मागच्या बाजूला चिंच होती, तळ्याकडे झुकलेली, तीन माणसांच्या कवेत न मावणारी. मी सुतळीला दगड बांधून शेंड्यावरून टाकायला लागलो. पहिल्या दिवशी दगड चिंचेपर्यंत पोचलाच नाही. दुसऱ्या दिवशी पोचला आणि तिथून परत फिरून आमच्याच छपरावर आला. तीन कवेलू फुटले.

शेवटी शेजारच्या काकांना दया आली. ते तळ्यात मासे धरतात. त्यांनी जाळ्याची शिशाची गोळी नायलॉनच्या दोऱ्याला बांधली, हात एकदा मागे नेला आणि गोळी शेंड्याच्या बेचक्यातून पलीकडे टप्पकन उतरली. एका फेकीत. मग दोरा गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "गुरुजी, पाण्यापावसात आमी या झाडाखाली उभे नाही राहत."

मला वाटलं, भुताखेताचं बोलून राहिले. चिंच म्हटली की आपल्याकडे तेच. मी तिथेच उभा राहून त्यांना वैज्ञानिक दृष्टिकोनावर दहा मिनिटं ऐकवली. काकांनी बिडी पेटवली, सगळं ऐकून घेतलं आणि "बराबर हाये गुरुजी" म्हणून गेले. त्या माणसाने मला पुन्हा काही सांगितलं नाही, आणि त्याचं बरोबरच होतं.

केबल दोन हात कमी पडली. केबल भिंतीतून आत घेण्याआधी खिडकीखाली तिला एक झोल द्यायचा असतो, म्हणजे तारेवरून आलेलं पाणी झोलाच्या तळाशी थांबून बाहेरच टपकतं. हे मी वाचलेलं होतं. पण दोन हात कमी, त्यात मला ती लोंबती केबल गबाळी वाटत होती. मी ती चिंचेच्या शेंड्यावरून खिडकीपर्यंत ताणून सरळ आणली. अशी ताठ, अशी देखणी, की वर्गात उतार शिकवायला पोरांना आणून दाखवावी.

दुसरी अक्कल अर्थिंगची. रेडिओला मोठा धातू जोडावा असं कुठेतरी अर्धवट वाचलं होतं. खरं तर जमिनीत खोल सळई ठोकायला पाहिजे होती, पण उन्हाळ्यात आमची जमीन पहार घेत नाही. खोलीतला सगळ्यात मोठा धातू तांदळाची कोठी. बायको बाजाराला गेली तेव्हा झाकणाला ड्रिलने भोक पाडलं, बोल्ट बसवला, तार बांधली आणि वर जुना टॉवेल टाकला. बोल्ट ढिला होता. हेही मला माहीत होतं.

मे महिन्यात रेडिओ सुंदर चालला. सकाळी आंघोळीआधी मी केरळच्या, राजस्थानच्या माणसांशी बोलत होतो. ते म्हणत, आवाज स्वच्छ आहे. मी म्हणे, आमचं ठिकाणच स्वच्छ.

जूनच्या शेवटी बगळे आले.

दोन-चार नव्हेत. शेकडो बगळे, वर पाणकावळे. दरवर्षी ते याच चिंचेवर घरटी करतात. मी या गावात जन्मलो, पण चिंच घराच्या पाठीमागे, आणि पावसाळ्यात मागचं दार आम्ही का उघडत नाही याचा कधी विचार केला नव्हता. पंधरा दिवसांत झाड पांढरं झालं. आधी पक्ष्यांनी, मग त्यांच्या विष्ठेने. पिल्लं निघाली तेव्हा खरा प्रकार सुरू झाला. बगळ्याचं पिल्लू घाबरलं की पोटातलं ओकतं. त्याच्या पोटात अर्धे पचलेले मासे, बेडकांचे पाय, धानाच्या बांध्यांमधले किडे असतात. आणि ते कशानेही घाबरतं. मी खाली उभा राहून वर पाहिलं, तरी घाबरलं. तारेच्या मधल्या जोडावर बसवलेला प्लास्टिकचा डबा नीट आहे का पाहायला मी मान वर केली आणि तोंडही किंचित उघडं होतं. चव सांगत नाही. त्या दिवशी मी तीन वेळा दात घासले आणि चौथ्या वेळी निंबाची काडी चावली.

भिंतीपलीकडून काकांचा आवाज आला. "गुरुजी, भूत दिसला का?"

तार पांढऱ्या गिलाव्याने जाड झाली. दोन अंगांना बांधलेल्या दोऱ्यांवरून काहीतरी हिरवट ओघळायचं. रेडिओवरचा काटा दाखवायला लागला की पाठवलेली निम्मी शक्ती परत येऊन राहिली. मी म्हटलं, पाऊस आहे, होणारच. खोलीत वास यायला लागला. म्हटलं, बाहेरचा आहे. केबल हाताला चिकट लागायला लागली. म्हटलं, दमट हवा. माणसाला एखादी गोष्ट कळून घ्यायची नसली की तो किती हुशार होतो, हे मी तेव्हा स्वतःवर प्रयोग करून पाहिलं.

राखीच्या चार दिवस आधी टॉवेल उचलला. तो सुटा झालाच नाही, झाकणाला चिकटला होता. सोलून काढला. खाली झाकणाच्या खोलगट भागात पांढरं-राखी पाणी साचलेलं, त्यात माशाचे खवले आणि एक इवलासा काटा. चिंचेवरचं सगळं ऐश्वर्य केबलच्या उतारावरून, माझ्या त्या देखण्या उतारावरून, थेंब थेंब खिडकीतून आत येऊन कोठीवर पडत होतं आणि बोल्टाच्या भोकातून खाली जात होतं. झाकण उघडलं. वरचे तांदूळ एकमेकांना धरून एक पोळी झाले होते. मधोमध हिरवी-काळी बुरशी, कडेला पिवळट. त्या पोळीत बोट घातलं तर ती हलली. मी हलवली नव्हती. अळ्या होत्या.

आता मी काय करायला पाहिजे होतं हे लिहायची गरज नाही. मी काय केलं ते लिहितो. बायको पूजेला बसली होती. मी सगळी पोळी दोन टोपल्यांत काढली, झाकण पुसलं, भोकात एम-सील दाबलं आणि मागच्या दाराने टोपल्या तळ्यावर नेऊन ओतल्या. काका जाळं झाडत होते. त्यांनी पाण्यात पडणाऱ्या तांदळांकडे पाहिलं. आमच्याकडे सांडलेला एक दाणा माणूस वाकून उचलतो.

"कोनाचा श्राद्ध हाये का गुरुजी?"

"माझंच," मी म्हटलं.

मग स्वतःला पटवलं की खालचे तांदूळ कोरडे आहेत. रोजचे खालच्या दारातूनच निघतात. धुतात, शिजवतात, उकळतात. विज्ञानाच्या दृष्टीने धोका नाही. आणि हे सांगितलं तर रेडिओ गोठ्यात जाणार. एका बाजूला बायकोपोरांची ताटं, दुसऱ्या बाजूला माझं टेबल, आणि मी टेबल निवडलं. बगळ्यांची घाण धुतली तर जाते. ही आजही अंगावर वास मारते.

फक्त एक गडबड झाली. मला तो भात घशाखाली उतरेना. ताटात पांढरा ढीग दिसला की ती पोळी हलताना दिसायची. मी पोळ्या मागायला लागलो. आमच्या भागात भात नको म्हणणारा माणूस तापाने फणफणलेला तरी असतो किंवा काहीतरी लपवत तरी असतो, आणि मला ताप नव्हता.

राखीला बायकोचा भाऊ आला, बायकापोरांसकट. माशाचं कालवण आणि भात. मेहुणा तिसऱ्यांदा भात घेत होता. मी पोळी मोडत होतो.

"भाऊजी, शुगर गिगर निघाली का?" त्याने विचारलं.

"नाही रे, असंच."

बायको वाढता वाढता थांबली. "चार दिवसापासून असाच हाये. सकारी पोळी, रात्री पोळी. काय झाला जी तुमाले?"

"पोट जड वाटतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग पळीभर भात माझ्या ताटात घातला, त्यावर कालवण ओतलं आणि समोर बसली. "खा."

मेहुण्याची छोटी मुलगी माझ्या शेजारी बसून बोटं चाटत जेवत होती. मी घास उचलला. तोंडापर्यंत नेला आणि तिथेच धरून राहिलो. घासातून रस्सा मनगटावर उतरला.

मग सांगितलं. झाकण, बोल्ट, बगळे, अळ्या, तळं. सगळं एका दमात, घास हातात धरून. मेहुणा मध्येच उठून मागच्या दाराने बाहेर गेला, आणि बाहेर चिंच होती, त्यामुळे त्याचे तिथे आणखी हाल झाले. त्याच्या बायकोने मुलीचं ताट ओढून घेतलं.

बायको उठली, खोलीत गेली, झाकण काढलं आणि कोपरापर्यंत हात तांदळात घातला. मूठ बाहेर काढून नाकाशी नेली. मग तीच मूठ माझ्या नाकाशी आणली. ओल खालपर्यंत गेली होती. वास सौम्य होता, पण तोच होता.

"चार दिवस," ती म्हणाली. "लेकराईच्या ताटात. आन् तुमी पोळी खाऊन राहिले."

कोठी रिकामी झाली. ते तांदूळ म्हशीपुढे टाकले तर म्हशीने हुंगून मान फिरवली. नवीन धान यायला तीन महिने होते. तोवर घर दुकानच्या तांदळावर चाललं, आणि धानवाल्या घरी दुकानचे तांदूळ येतात हे गावाला कळायला एक दिवस पुरतो.

रेडिओ त्याच संध्याकाळी मेहुण्याने उचलून गोठ्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी बायको गोठ्यात आली, केबल कुठून आत घेतली ते पाहिलं आणि म्हणाली, "खाली झोल काहून नाही देला? आमी धुन्याच्या तारेलेही देतो." मी केबलला दोन हातांचा तुकडा जोडला. झोल तिने स्वतः पाडून, दगड बांधून दाखवला. एकही थेंब आत आला नाही. आला असता तरी म्हशींचं काही बिघडलं नसतं.

अजून मी तिथूनच बोलतो. परवा सकाळी राजस्थानचा एक जुना दोस्त रेडिओवर भेटला. मध्येच म्हैस ओरडली. त्याने विचारलं, हा व्यत्यय कसला. मी म्हटलं, स्थानिक.

जेवायला मात्र घरात बोलावतात. पान वाढलं की कोणी हात लावत नाही. पहिला घास मी घ्यायचा, भाताचा. सगळे थांबतात, पाहुणे असले तर पाहुणेही. मी घास गिळतो, बायको माझ्या गळ्याकडे पाहते, आणि मग म्हणते, "चला, जेवा."