वानगीचे खडे

देऊळघाटच्या माझ्या काकांना एक खोड होती. स्वतःचं हसं झालेलं त्यांना खपत नसे, दुसऱ्याचं मात्र ते भर चौकात करत. मी खाणीतल्या मालाचा अंदाज बांधायचं शिकले, तर हे गावभर सांगत, पोरगी दगडं मोजाले शिकली.

पुढे त्यांच्याच वावरात जागोजागी खड्डे खणताना चुनखडीचा थर लागला, तेव्हा बरी आठवली ही पोरगी! मी गेले, तर ताटात धुतलेले खडे मांडून ठेवलेले. बाजारात धान्याची वानगी दाखवतात तसे, पांढरेशुभ्र तेवढेच निवडून. बाकीचे खड्डे कुठायत, विचारलं. ज्यांत काही लागलं नाही ते त्यांनी गुपचूप बुजवले होते, लोक हसतील म्हणून. माझं डोकंच फिरलं. मी सगळे पुन्हा उकरायला लावले आणि प्रत्येकातून वरपासून खालपर्यंत नमुना घेतला.

जवळचे खड्डे एकमेकांसारखे निघतात, लांबचे बदलतात. त्यावरून कोणत्या खड्ड्याच्या नमुन्याला किती वजन द्यायचं ते ठरवून आम्ही मधल्या, न खणलेल्या जागेचा अंदाज काढतो. तसा काढला. माल हलका होता, आणि काकूच्या लिंबाच्या बागेकडे थर संपत चालला होता. हंड्यानं पाणी घालून तिनं ती बाग जगवलेली. काकांना ती तोडून तिथंच खाण काढायची होती. बागेखाली काही नाही, असं मी सांगितलं आणि काकू पहिल्यांदा हसली.

"बागंत त एकबी खड्डा नाही," काका म्हणाले. "तुले कसं माहीत?"

आमच्या कामात खोटं बोलून भागत नाही. मी म्हटलं, खड्डा नाही तिथला अंदाज कच्चा, चुकूही शकतो.

"हाव ना. मंग पाहूनच घेऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळीच जेसीबी आला. फळांनी लगडलेली झाडं मुळासकट उपटली. काकू बांधावर उभी होती, तिला कोणी विचारलंही नाही. एका खड्ड्यात काळी माती आणि मुरूम, दुसऱ्यातही तेच. माझा अंदाज तंतोतंत खरा ठरला. मेला तो अंदाज!

काकांनी ते खड्डेही लगोलग बुजवले आणि झाडांना कीड लागली होती म्हणून गावात सांगितलं. मी निघाले तेव्हा काकू पडलेल्या झाडांवरची हिरवी लिंबं माझ्या पिशवीत भरत होती.

"तुह्यं खरं निंघालं, बाई," ती म्हणाली. "एकडाव खोटं बोलली असती त काय झालं असतं?"