तंगडी कुणाच्या पानात

मामंजी खादीची टोपी घालून किहीमभर समता सांगत फिरायचे. घरात मात्र कोंबडी शिजली की एक तंगडी त्यांच्या पानात, दुसरी माझ्या नवऱ्याच्या, आणि मान सासूबाईंना. एका रविवारी मला राहवेना. मी सगळं मांस हाडांवरून सोडवलं, भाजल्या खोबऱ्याच्या वाटणात परतलं आणि तांदळाच्या घावनांत गुंडाळलं. मामंजी जेवायला बसले तशा माझ्या चुलीपासून उंबऱ्यापर्यंत येरझाऱ्या सुरू झाल्या. एक घावन तव्यावर करपलं.

त्यांनी गुंडाळी उलगडून चाचपली. “तंगडी कुठाय?”

“सगळ्यांच्या पानात थोडी थोडी,” मी म्हणाले.

सासूबाई चुलीपासून उठल्याही नाहीत. म्हणाल्या, “मान कुठाय, तेही विचारा की.”